एकाहत्तर टक्के*

एखादी संस्था प्रगती करते आहे की नाही, हे ओळखायची खात्रीची खूण म्हणजे तिच्या दारावरच्या पाट्या. पाट्या वरचेवर बदलत असतील तर प्रगती जोरात चालू आहे असं समजावं. वर्षानुवर्षं एकच पाटी दिसत असेल तर आत बहुधा काम चालू असतं, आणि नुसतं काम करून आजवर कोणतीही संस्था मोठी झालेली नाही.

या कसोटीवर टेक्सासमधल्या प्लेनो शहराचा प्लेनो आर्माडिलोज हा व्यावसायिक बास्केटबॉल संघ अत्यंत प्रगत म्हणावा लागेल. नऊ वर्षांत अकरा मुख्य कोच. (आर्माडिलो हा टेक्सासमधला एक कवचधारी प्राणी. घाबरला की तो जागच्या जागी सरळ वर उडी मारतो, आणि हायवेवर जी गाडी एरवी त्याच्या अंगावरून अलगद निघून गेली असती, तिच्यावर जाऊन आपटतो. संघाचं नाव ठरवणाऱ्यांना यातली फक्त उंच उडी आवडली होती.)

अकरा कोच बदलणं हे गडबडीत उरकायचं काम नव्हे. त्यासाठी संघात स्वतंत्र विभाग आहे. त्याला सातत्य विभाग म्हणतात. विभागाची कार्यपद्धती इतकी नेटकी आहे की इतर शहरांतले संघ ती पाहायला येतात. पहिली पायरी विश्वासाची. संघाध्यक्ष निवेदन काढतात, 'संघाचा कोचवर पूर्ण विश्वास आहे.' हे निवेदन निघालं की कोचच्या घरची मंडळी सामान भरायला खोकी आणायला बाहेर पडतात. निवेदन ते निरोप हा काळ सरासरी बहात्तर तासांचा. विक्रम चार तासांचा आहे, आणि त्यातला दीड तास निवेदनातली कोचच्या नावाची चूक दुरुस्त करण्यात गेला होता.

दुसरी पायरी पाटीची. दारावरची पाटी लोहचुंबकाची आहे, एका बोटाने निघते. पार्किंगच्या जागेवर पूर्वी कोचचं नाव पांढऱ्या रंगाने रंगवत. पण एकदा रंग वाळायच्या आतच कोच गेला आणि जाताना लॉबीभर पांढरी पावलं उमटवून गेला. तेव्हापासून तिथे पाटी आणि खडू ठेवला आहे. शेवटची पायरी आभारपत्राची. त्याचा मजकूर कायम असतो: 'गेल्या अमुक हंगामांतील आपल्या योगदानाबद्दल आम्ही ऋणी आहोत. खेळाडूंच्या मनात आपलं स्थान कायम राहील. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' यातल्या 'अमुक'च्या जागी आकडा घालायचा असतो. (हा आकडा कधीकधी एकाहून लहान असतो.)

या विभागात आकडेवारी पाहायची जबाबदारी सोनल खोब्रागडेकडे होती. सोनल मूळची नागपूरची. वडील शाळेत गणित शिकवायचे. कोणताही कागद हातात आला की आधी खालचं बारीक अक्षर वाचायचं, ही सवय त्यांनीच तिला लावलेली. सरकारी परिपत्रकात आपल्या माणसांच्या कामाचं जे काही असतं, ते खालीच आणि बारीकच असतं, असं ते म्हणत. त्यामुळे सोनल जे काही लिही त्याला तळटीप असे, आणि खरं काय ते त्या तळटिपेत असे. वरचा आकडा साहेबांसाठी, खालची टीप खऱ्यासाठी, अशी तिने सहा वर्षांत वाटणी करून टाकली होती.

त्या तळटिपा अख्ख्या इमारतीत एकच माणूस वाचायचा. मुख्य कोच ऑरिन हॅस्केल. वय एकसष्ट, गुडघे त्याहून जुने. सोनलचा अहवाल गेला की दुसऱ्या दिवशी तो तिच्या टेबलावर परत यायचा आणि तळटिपेशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं असायचं: 'टीप ३ खरी असेल, तर लिंडनला शेवटची पाच मिनिटं बाहेर बसवायला हवं. बरोबर?' लिंडन म्हणजे संघाचा सात फुटी, सगळ्यांत जुना खेळाडू. सोनल उत्तर लिहायची, 'बरोबर.' मग कोच लिंडनला बाहेर बसवायचे, संघ जिंकायचा, आणि लिंडन दोन दिवस सोनलशी बोलायचा नाही. तिच्या नोकरीतलं सगळ्यांत मोठं सुख हेच होतं, आणि ते तिने घरीही कधी सांगितलं नव्हतं.

या पद्धतीचा परिणाम व्हायचा तोच झाला. हंगामाचे शेवटचे दोन सामने उरले असताना संघाने ऐंशीपैकी एकोणपन्नास सामने जिंकले होते, आणि सात वर्षांनी प्रथमच प्लेऑफमध्ये त्याची जागा नक्की झाली होती. (प्लेऑफ म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी. दोन संघ एकमेकांशी जास्तीत जास्त सात सामने खेळतात, चार जिंकेल तो पुढे जातो.) साहजिकच संघाध्यक्ष ट्रेंट वॉलिंगफर्ड यांची झोप उडाली. हरणाऱ्या संघात काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. जिंकणाऱ्या संघात काहीच न करता बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उद्या प्लेऑफमध्ये हरलो आणि कोणी विचारलं की तुम्ही काय केलंत, तर काय सांगायचं?

हीच चिंता बोलून दाखवत त्यांनी सोनलकडून एक स्लाइड मागवली. गेल्या काही वर्षांत लीगमध्ये हंगाम चालू असताना कोच बदलल्यावर नव्या कोचच्या पहिल्या सामन्यात काय झालं? सोनलने शोधलं. अशी एकवीस उदाहरणं निघाली. त्यातल्या पंधरा वेळा नव्या कोचने पहिला सामना जिंकला होता. म्हणजे एकाहत्तर टक्के.* हा आकडा तिने स्लाइडच्या मधोमध मोठ्या अक्षरात टाकला, कारण मागितला होता तो आकडा. त्याचा खरा अर्थ तिने खाली तळटिपेत लिहिला, आठ पॉइंटच्या टाइपात.

बैठकीला समितीचे तीन सदस्य होते. स्वतः ट्रेंट साहेब, त्यांचे जावई आणि तिकीटविक्रीच्या प्रमुख बाई. चौथी खुर्ची रिकामी होती. (चौथ्या सदस्याच्या नेमणुकीची प्रक्रिया चालू होती.) स्लाइड भिंतीवर आली आणि खोलीत सुस्कारा ऐकू आला.

"एकाहत्तर!" जावई म्हणाले.

"हे तर शास्त्रच झालं," ट्रेंट साहेब म्हणाले. "सोनल, तुला आणखी काही सांगायचंय?"

सोनलला सांगायचं होतं. सांगायला एक मिनिट पुरलं असतं. पण नोकरीच्या आधारावर लागलेल्या ग्रीन कार्डच्या रांगेत तिला अकरा वर्षं झाली होती, आणि त्या रांगेतल्या माणसाचा आवाज हळूहळू आठ पॉइंटचा होत जातो.

"खाली एक तळटीप आहे," ती म्हणाली.

"उत्तम! तळटीप असली की काम पक्कं वाटतं," ट्रेंट साहेब म्हणाले, आणि ठराव मंजूर झाला.

निवेदन सोमवारी निघालं. बुधवारी कोच हॅस्केल खोकं हातात घेऊन सोनलच्या टेबलाशी आले. खोक्यात एक शिट्टी, दोन स्वेटर आणि पेन्सिलींचा डबा होता.

"सोनल, तळटीप वाचली. बरोबर आहे," ते म्हणाले.

"तुम्ही वाचलीत?"

"मी नाही वाचणार तर कोण? विषय माझाच होता." त्यांनी खोकं या हातातून त्या हातात घेतलं. "एक सांगू? पुढच्या वेळी ती वर लिही."

सोनलला स्वतःची इतकी शरम वाटली की तिला त्यांच्याकडे बघवेना. ते गेल्यावर तिने नियमाप्रमाणे आभारपत्रात आकडा भरला. तीन हंगाम. विभागाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आकडा होता.

शास्त्र खरं ठरलं. हॅस्केल यांच्या जागी आलेल्या सहायक कोचने पहिला सामना जिंकला. (समोरच्या संघाचं स्थान आधीच पक्कं झालं होतं आणि त्यांचे पाचही मुख्य खेळाडू साध्या कपड्यांत बसून पॉपकॉर्न खात होते. याची नोंद सोनलने केली. खाली.) दुसरा सामना मात्र तो हरला. समितीने तातडीने कारण शोधलं. कारण अगदी सरळ होतं. एकाहत्तर टक्के हा आकडा पहिल्या सामन्याचा होता. चूक झाली ती त्याला दुसरा सामना देण्यात. यावर उपाय एकच, यापुढे प्रत्येक सामना पहिला सामना असेल.

त्या रविवारी सकाळी सोनल, तिचा नवरा रवी आणि अकरा वर्षांची मुलगी रुही गाडीने पंडित काकांकडे निघाले होते. पंडित काका म्हणजे भंडाऱ्याचे निवृत्त इंजिनिअर. मुलाकडे प्लेनोला राहत आणि जेवणाच्या टेबलावर सहा मुलांना स्पर्धेचं गणित शिकवत. रुहीची राज्यपातळीची स्पर्धा चार आठवड्यांवर आली होती. गाडी रवी चालवत होता.

"देवांगचं ऐकलंस?" रवीने विचारलं. देवांग हा शेजारच्या गल्लीतला मुलगा. "त्यांनी कोच चेंज केला. बेलव्ह्यूच्या कोणी लता मॅडम आहेत, ऑनलाइन घेतात. दोन वीकमध्ये स्कोअर एकोणीसवरून सत्तावीस!"

"एका मुलावरून काही प्रूव्ह होत नाही, रवी."

"मग तुमच्याकडे काय केलं? चेंज केला आणि पहिली मॅच जिंकले ना? सेव्हंटीवन परसेंट तूच सांगितलंस यार!"

"त्याच्याखाली एक..." सोनल म्हणाली, आणि तेवढ्यात एक्झिट आली.

"आय लाइक पंडित काका," मागून रुही म्हणाली.

"लाइकचा प्रश्न नाहीये बेटा. ही स्टेट लेव्हल आहे."

"ही लेट्स मी बी राँग."

"बघ!" रवी स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला. "राँग राहू देतात!"

ऑफिसात एका उदाहरणावरून निष्कर्ष काढणाऱ्याला सोनलने हसून परत पाठवलं असतं. पण हा ऑफिसचा संघ नव्हता, स्वतःची मुलगी होती, आणि स्वतःच्या मुलीच्या बाबतीत आकडेवारीचे नियम लागू होत नाहीत असं सगळ्याच आयांना वाटतं. काहीच न करता बसलो आणि उद्या रुही मागे पडली तर काय सांगायचं? हेच वाक्य आपण काही दिवसांपूर्वी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी लंचच्या वेळात तिने पंडित काकांना व्हॉट्सॲप केलं. अशा वेळी काय लिहावं ते तिला सुचेना, मग बोटांना जे सवयीचं होतं ते त्यांनी लिहिलं. 'काका, गेल्या दोन हंगामांतील आपल्या योगदानाबद्दल आम्ही ऋणी आहोत. रुहीच्या मनात आपलं स्थान कायम राहील. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' पाठवल्यावर तिने वाचलं. तोवर दोन निळ्या खुणा आल्या होत्या.

काकांचं उत्तर पाच मिनिटांनी आलं. 'ठीक आहे. स्पर्धेच्या दिवशी रुहीला दोन पेन्सिली न्यायला सांगा. एकीचं टोक मोडतं.'

पुढच्या रविवारी बाबासाहेबांची जयंती होती. (तारीख चौदा एप्रिल असली तरी अमेरिकेत सगळ्या जयंत्या हॉल मिळेल त्या रविवारी येतात.) शाळेच्या कॅफेटेरियात तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या. वंदना झाली, भाषणं झाली, रुहीने आणि इतर मुलांनी इंग्रजीतून निबंध वाचले. जेवणाच्या रांगेत सोनलने वळून पाहिलं तर मागे पंडित काका. पळायला जागा नव्हती, हातात ताट होतं.

"काका, तो मेसेज..."

"अगं, असू दे. चांगली भाषा होती," काका म्हणाले, आणि काखेतली निळी फाइल त्यांनी तिच्या ताटाखाली सरकवली. "रुहीचे पेपर आहेत सगळे. नव्या मॅडमना उपयोगी पडतील. वेळ झाला तर तूही बघ."

सोनलने हो म्हटलं आणि फाइल गाडीच्या डिकीत टाकली. तिच्यावर दुसऱ्याच दिवशी किराणा आला.

इकडे प्लेऑफ सुरू झाले. सात सामने होण्याची शक्यता धरून सातत्य विभागाला सात कोच लागणार होते. उरलेले दोन सहायक पहिल्या दोन सामन्यांत संपले. एक जिंकला, एक हरला. तिसऱ्या सामन्याला व्यायाम घेणारे ट्रेनर (हार), चौथ्याला व्हिडिओ विभागातला मनुष्य (विजय; तो सामनाभर कोणाशी बोलला नाही, याचं वर्तमानपत्रांनी 'शांत नेतृत्व' म्हणून कौतुक केलं). पाचव्याला संघाचे दंतवैद्य (हार, पण एकाही खेळाडूने दात दुखत असल्याची तक्रार केली नाही). लिंडन तर आता इमारतीत जो दिसेल त्याला कोच म्हणू लागला होता. एका सकाळी लिफ्टमध्ये त्याने सोनललाही "गुड मॉर्निंग, कोच" म्हटलं.

"मी आकडेवारीत आहे, लिंडन."

"आज आहेस," लिंडन म्हणाला. "उद्याची मी रिस्क घेत नाही."

सहाव्या सामन्याची जबाबदारी आली ती आर्माडिलोचं सोंग घेऊन मैदानाच्या कडेला नाचणाऱ्या गृहस्थांवर. सोंग उतरवायला चाळीस मिनिटं लागतात, त्यामुळे त्यांनी कोचगिरी कवचासकट केली. दुसऱ्या सत्रात त्यांची शेपटी मैदानात आल्याबद्दल पंचांनी टेक्निकल फाउल दिला, त्यावर घाबरून त्यांनी जागच्या जागी उंच उडी मारली, प्रेक्षक पेटले आणि संघ जिंकला. मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आली.

पन्नास टक्के. हा निकाल मिळवायला एक नाणंही पुरलं असतं, आणि नाण्याला पार्किंग लागत नाही. सोनलने हे लिहिलं आणि सवयीने कर्सर खाली नेला. मग थांबली. 'पुढच्या वेळी ती वर लिही.' पेन्सिलींचा डबा, दोन स्वेटर आणि ती स्वतः खाली मान घालून बसलेली. हे चित्र काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिने नवी स्लाइड उघडली आणि चाळीस पॉइंटच्या टाइपात एकच ओळ लिहिली: 'सातव्या सामन्यासाठी: ऑरिन हॅस्केल.'

"पण त्याला तर आपण काढलाय," ट्रेंट साहेब म्हणाले.

"म्हणूनच," सोनल म्हणाली. "काढल्यानंतरचा हा त्यांचा पहिलाच सामना असेल."

जावयांनी वहीत एक बाण काढला, मग दुसरा काढला.

"म्हणजे आपल्या व्याख्येप्रमाणे तो नवा आहे?"

"पूर्णपणे."

"आणि तरी त्याला आपले खेळाडू ओळखीचे आहेत," तिकीटविक्रीच्या बाई साशंक होऊन म्हणाल्या.

"तो योगायोग समजावा," सोनल म्हणाली. ठराव एकमताने मंजूर झाला.

कोच हॅस्केल सामन्याच्या दिवशी लाइट रेलने आले. आपल्यासाठी पार्किंगची पाटी पुसू नका, असा त्यांनी आधीच निरोप दिला होता. खेळाडूंनी त्यांना पाहिलं आणि लिंडन, सात फुटी लिंडन, भिंतीकडे तोंड करून रडला. शेवटच्या पाच मिनिटांत कोचनी त्याला बाहेर बसवलं. तो एक शब्दही न बोलता बसला. संघ एका गुणाने जिंकला. सोनल स्टँडमध्ये उभी राहून इतकी ओरडली की शेजारच्या बाईंनी तिला घोटभर सोडा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता निवेदन निघालं. 'संघाचा कोच हॅस्केल यांच्यावर पूर्ण विश्वास आहे.' कारण पुढच्या फेरीतला सामना त्यांचा दुसरा सामना ठरला असता, आणि दुसऱ्या सामन्याबद्दलचं शास्त्र सर्वांना माहीत होतं. कोचना निवेदन दाखवायला माणूस गेला तेव्हा खोली रिकामी होती. (ते रिटर्न तिकीट काढूनच आले होते.)

त्या दुपारच्या बैठकीत सोनल न विचारता उभी राहिली. तिने पहिल्या स्लाइडवरची ती तळटीप हातात घेतली आणि मोठ्याने, सावकाश, सगळी वाचली. एक मिनिट दहा सेकंद लागले. (मजकूर इथे पुन्हा देत नाही. वाचकांनी तो वाचलेलाच आहे.) वाचताना ग्रीन कार्ड डोळ्यांपुढे येत होतं, पण ती थांबली नाही. वाचून झाल्यावर ट्रेंट साहेबांनी चष्मा काढला.

"सोनल," ते भारावून म्हणाले, "हे नोंदीत यायलाच हवं."

संध्याकाळी पाच वाजता बैठकीचा वृत्तांत सगळ्यांना आला. पहिल्या पानावर ठराव होता: पुढील फेरीसाठी नवे सात कोच शोधणे. सोनलचं निवेदन चौथ्या पानावर होतं. तळाशी, आठ पॉइंटमध्ये, तारकेची खूण करून.

सोनल घरी निघाली. वाटेत किराण्याच्या दुकानात थांबली, रिकाम्या पिशव्या काढायला डिकी उघडली, तर खाली ती निळी फाइल. पार्किंगमध्ये उभ्याउभ्याच तिने ती उघडली. एकतीस पेपर. प्रत्येकाच्या डोक्यावर लाल शाईत मार्क, एकोणीस, बावीस, अठरा. हे आकडे तिला पाठ होते. दर रविवारी रवी आणि ती तेवढेच पाहायचे आणि पेपर काकांकडे परत द्यायचे.

प्रत्येक पेपरच्या तळाशी पेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिलं होतं.

'रुहीला पाचवं गणित येतं. उत्तर लिहायला घाबरते.'

'आज तिने माझी चूक काढली. पुष्कळ हसलो.'

'घड्याळ दिसलं की सोपं चुकते. घरी वेळ लावून बसवू नये.'

'या आठवड्यात दोनदा विचारलं, आईला माझे मार्क कमी वाटतात का. घरी बोलावं.'

आणि त्याखाली, एकतीसच्या एकतीस पेपरांवर, एक रेघ मारलेली होती. रेघेपुढे लिहिलं होतं, 'वाचलं असल्यास आई/बाबांची सही.' एकतीस रेघा, सगळ्या कोऱ्या.

सोनल डिकीच्या काठावर बसली. तिला खूप रडू आलं. मग तिने पर्समधून पेन काढलं आणि पहिल्या पेपरपासून सह्या करायला सुरुवात केली, प्रत्येक ओळ वाचून. किराणा राहून गेला.

रुहीला घेऊन ती पंडित काकांच्या घरी पोचली तेव्हा साडेसात वाजले होते. स्पर्धा शनिवारी होती, आज गुरुवार.

"काका," दार उघडताच ती म्हणाली, "मी खालचं वाचलंच नव्हतं."

काकांनी तिच्या हातातली फाइल घेतली, एक पेपर काढून सही पाहिली आणि फाइल मिटली.

"रुही गाडीत का बसली आहे?" ते म्हणाले. "बोलाव तिला. पाचवं गणित राहिलंय आमचं."

____

* एकवीसपैकी पंधरा. पण त्या पंधरापैकी अकरा सामने घरच्या मैदानावर आणि तळाच्या संघांशी होते. ते जुना कोचही जिंकला असता. दुसऱ्या सामन्यापासून फरक शून्य. कोच बदलल्याने संघ सुधारतो, असं या आकड्यांवरून कुठेही सिद्ध होत नाही. सबब, कोच हॅस्केल यांना काढू नये. ही खूण वाचकहो, आपल्याला आधी शीर्षकावर भेटली होती आणि बैठकीच्या दारात पुन्हा एकदा. दोन्ही वेळा आपण आकडा वाचलात आणि पुढे गेलात. रुहीच्या आईवर मात्र मघाशी मनातून रागावलात. समितीतली चौथी खुर्ची अजून रिकामी आहे. तिच्यावर आपली नेमणूक झाली आहे असं समजावं. संघाचा आपल्यावर पूर्ण विश्वास आहे.